चणे शिजवू नका, म्हणजे फलाफल जमेल

आधी एकच गोष्ट सांगतो, कारण एवढं वाचून कोणी निघून गेलं तरी चालेल. फलाफल, म्हणजे अरबी पद्धतीचे चण्याचे छोटे वडे, करायचे असतील तर चणे शिजवायचे नाहीत. कुकर लावायचा नाही, एक शिट्टीही नाही, आणि हल्ली सुपरमार्केटमधे डब्यातले उकडलेले चणे मिळतात ना, ते तर अजिबातच नाही. भिजवायचे, निथळायचे, वाटायचे आणि तळायचे, बास.

मी हे शिकलो तोंडावर आपटून. काही वर्षांपूर्वीचा जुलैतला रविवार, पुण्यात कर्वेनगरला आमच्या घरी ऑफिसमधले सहा जण जेवायला, बाहेर पाऊस धो धो, आणि मी रुबाबात जाहीर करून टाकलेलं की आज भजी नाही, आज फलाफल. छोले करतो तसे चणे कुकरला लावले, चार शिट्ट्या, मस्त मऊ झाले, हाताने कुस्करले, लसूण-कोथिंबीर घातली, टिक्क्या इतक्या गुळगुळीत झाल्या की मीच माझ्यावर खूश. पहिली टिक्की तेलात सोडली, फेस आला, फेस ओसरला तेव्हा टिक्की गायब, नुसता चुरा तरंगतोय. दुसरीचंही तेच. मग बेसन घातलं, मग अजून बेसन, मग ब्रेडचा चुरा, आणि शेवटी जे काही बाहेर आलं ते वरून कडक, आत लापशी आणि चव थापीव पिठल्याची. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शांतपणे म्हणाली, "अरे, डाळवडे करताना तू डाळ शिजवून घेतोस का?"

आता बोला. त्या दिवशी सगळ्यांनी बाहेरून मागवून खाल्लं, पण तिच्या त्या एका वाक्यात अख्खी रेसिपी होती. आपल्याकडे डाळ भिजवून भरड वाटायचं काम ज्यांनी केलंय, चैत्रातली आंबेडाळ असो की गणपती विसर्जनाची वाटली डाळ, त्यांना फलाफल ऐंशी टक्के येतंच, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

असं का होतं तेही सांगतो, एकदा कळलं की पुढच्या चुका आपल्या आपणच टळतात. चण्यात स्टार्च भरपूर असतो. भिजवलेला चणा फुगलेला दिसला तरी आतला स्टार्च कच्चाच असतो. तो भरडलेला दाणा गरम तेलात गेला की तिथल्या तिथे शिजतो, आतलं पाणी शोषून चिकट होतो आणि शेजारच्या कणाला धरून ठेवतो, म्हणजे खळ तेलात गेल्यावर तयार होते. शिजवलेल्या चण्यात ही खळ आधीच होऊन गेलेली असते, वर भरपूर पाणी प्यायलेला असतो तो, मग तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि टिक्की फुटते. एक सावधगिरी मात्र, ही कच्चं भिजवून तळायची युक्ती उत्साहाच्या भरात राजम्याला लावू नका, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं जे विषारी प्रथिन असतं त्याने उलट्या होतात, राजमा नीट खळखळून उकळावाच लागतो.

मूळचा प्रकार इजिप्त, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन त्या सगळ्या पट्ट्यातला. इजिप्तमधे याला ता'मिया म्हणतात आणि ते चण्याचं करतच नाहीत, सोललेल्या सुक्या बाकल्याचं, म्हणजे फावा बीन्सचं करतात, भरपूर हिरवा पाला घालून, म्हणून फोडलं की आत हिरवंगार. लेबनॉन-सीरियाकडे चणे. फलाफल नक्की कोणाचं यावरून तिकडे जोरदार भांडणं चालतात, आपण पुणेरी मिसळ की कोल्हापुरी यावरून भांडतो तशीच, त्यामुळे आपण त्यात पडायचं नाही, आपण खायचं.

आता सामान. मी पाव किलो सुके काबुली चणे घेतो, त्यात पंचवीस-तीस फलाफल होतात, चार माणसांचं जेवण होतं. डॉलर चणे म्हणून ते बोराएवढे महागडे मिळतात ते छोल्यांना ठेवा, इथे सगळं वाटायचंच आहे, मध्यम आकाराचे घ्या. फक्त जुने नकोत. वाण्याच्या बरणीत वर्षभर पडलेले चणे कितीही भिजवा, आत टणकच राहतात. मार्केटयार्डला भुसार विभागात कधी चक्कर झाली तर तिथून आणा नाहीतर जिथे माल पटपट खपतो अशा दुकानातून. बाकी एक मध्यम कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची एक जुडी, पार्सली मिळाली तर मूठभर. पार्सली मंडईत इंग्लिश भाज्यावाल्यांकडे मिळते, पण नसेल तर अडत नाही, कोथिंबिरीतच चार पुदिन्याची पानं घाला. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महाग पण असते आणि निम्मी चिखलच, तेव्हा तीन पाण्यातून काढा आणि मुख्य म्हणजे पूर्ण कोरडी करा, पंख्याखाली पंचावर पसरून ठेवा. कारण ओलावा हा इथला शत्रू आहे, हे वाक्य मी पुढे अजून दोन वेळा तरी म्हणणार आहे.

भिजवणं. भरपूर पाण्यात, चण्याच्या चौपट तरी, बारा ते अठरा तास. भांडं मोठं घ्या, चणे दुपटीहून जास्त फुगतात आणि रात्री दोन वाजता झाकण वर उचललं गेलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पूर्ण चोवीस तास लागतात. एप्रिल-मेमधे उलटं, बाहेर ठेवले की सकाळी फेस आणि आंबूस वास, म्हणून उन्हाळ्यात सरळ फ्रीजमधे भिजवा आणि मधे एकदा पाणी बदला. झाले का ते बघायला एक चणा नखाने मधोमध फोडायचा, आत कोरडा पांढरट ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. गरम पाण्यात घालून दोन तासात उरकायचा शॉर्टकट बरेच जण सांगतात, मी केलाय, बाहेरचा भाग मऊ आणि आत खडा, तळल्यावर दाताखाली येतो. सोडा घालून भिजवायचीही गरज नाही.

मग चाळणीत निथळत ठेवायचे, तासभर तरी, आणि नंतर सुती पंचावर पसरून वरून पुसायचे. ही पायरी लोक गाळतात आणि मग मला फोन करतात की सुटलं रे. ओलावा! भिजवलेलं पाणी कुंड्यांना घाला.

वाटणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई नको. आपल्या मिक्सरचं प्रॉब्लेम असं की खालचं पीठ होतं आणि वरचे चणे अख्खे नाचत राहतात, मग माणूस वैतागून दोन चमचे पाणी घालतो आणि तिथेच सगळं संपतं. पाणी एक थेंब घालायचं नाही. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, बटण उलट्या बाजूला फिरवून एक-दोन सेकंद चालू, बंद, परत चालू, बंद, मधे चमच्याने वरखाली करायचं, असं तीन-चार घाण्यांमधे काढायचं. फूड प्रोसेसर असेल तर प्रश्नच नाही. पाटा-वरवंटा असेल आणि दंडात जोर असेल तर उत्तम, आईच्या मते खरं तेच. किती भरड? जाड रव्यापेक्षा थोडं जाडसर, मधे मधे तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिसला तरी हरकत नाही. मुठीत घेऊन दाबलं तर गोळा धरला पाहिजे आणि बोटाने टोकरलं तर मोडला पाहिजे. नुसताच भुगा होऊन सांडतोय म्हणजे अजून दोन फेरे, आणि हाताला चटणीसारखं चिकटतंय म्हणजे जास्त झालं, त्याचे फलाफल होतील पण दगडासारखे, कारण आत हवा राहायला जागाच नाही.

लसूण, मिरची आणि पाला शेवटच्या घाण्याबरोबर फिरवा. कांदा मात्र वेगळा, बारीक चिरून किंवा किसून, आणि मुठीत घट्ट पिळून, त्यातून बरंच पाणी सहज निघतं. ते पाणी आमटीत टाका, वाया कशाला घालवता.

मसाल्यात धणे आणि जिरे हे दोनच हिरो. एक मोठा चमचा धणे, दोन छोटे चमचे जिरे, कोरडे भाजून खलबत्त्यात अर्धबोबडे कुटायचे. तयार धणे-जिरे पूड वापरलीत तर मी काही तुमच्या घरी येऊन बघणार नाही, पण फरक पडतो, दाताखाली तो फुटलेला धणा आला की जी मजा येते ती पुडीत नाही. अर्धा चमचा मिरपूड, दीड छोटा चमचा मीठ. गरम मसाला नको, हळद नको, गोडा मसाला तर देवाशपथ नको, एका मावशींनी घातला होता आणि ते चांगलंच लागत होतं हे खरं, पण ते फलाफल नव्हतं. मीठ वळायच्या जरा आधी घाला, खूप आधी घातलं की पाणी सुटतं. वरून दोन चमचे पांढरे तीळ.

हे मिश्रण झाकून अर्धा-पाऊण तास फ्रीजमधे. थंड झालं की वळायला सोपं जातं. तळायच्या ऐन वेळी एक छोटा चमचा बेकिंग पावडर टाकून हलक्या हाताने मिसळायचं, ती नसेल तर पाव चमचा खायचा सोडा, त्याहून जास्त नाही, सोडा जास्त झाला तर तेल पितं आणि साबणासारखी चव येते.

वळताना हात ओले करा, लिंबाएवढा गोळा घ्या, दाबून गोल करा आणि मग पेढ्यासारखा किंचित चपटा. दाबायचं म्हणजे आकार धरेल इतपत, लाडू वळताना जीव खाऊन दाबतो तसं नाही. कडेला चिरा पडल्या तर पडू देत, त्या चिराच पुढे कुरकुरीत होतात. मला तर गुळगुळीत फलाफल बघितलं की संशयच येतो, माझा तो कुकरवाला रविवार आठवतो.

तेल. कढईत दोन इंच तरी हवं, तेलाची कंजुषी केली की तळाला टेकतं आणि फुटतं. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, जे घरात असेल ते. थर्मामीटर असेल तर १७५ अंश सेल्सिअस, नसेल तर मिश्रणाचा कण टाकून बघा, खाली जाऊन दोन-तीन सेकंदात बुडबुड्यांसह वर आला की तयार, टाकल्या टाकल्या वरच तडतडला तर जास्त तापलंय. आधी एकच फलाफल तळायचं, एकच. ते फोडून खायचं, मीठ-तिखट बघायचं, आणि सुटतंय का बघायचं. सुटलंच तर उरलेल्यात एक-दोन चमचे बेसन, किंवा थोडं मिश्रण परत मिक्सरला बारीक फिरवून त्यातच मिसळायचं, मी दुसरा उपाय करतो कारण बेसनाने चव भज्याकडे झुकते. एक तळून बघितलं नाही आणि आठच्या आठ एकदम सोडले तर मग तेल गाळत बसा.

एका वेळी पाच-सहाच सोडा. टाकल्यावर मिनिटभर झारा लावायचा नाही. हात शिवशिवतो, माहितीये, तरी नाही. बाहेरची साल धरली की मग उलटा. मध्यम आचेवर चार मिनिटं लागतात, रंग बटाटेवड्यापेक्षा बराच गडद, जांभळटपणाकडे नाही पण गुलाबजामच्या जवळपास. घाईने मोठ्या आचेवर काढले की बाहेर रंग येतो आणि आत चणा कच्चा राहतो, त्याला एक हिरवट उग्र वास असतो तो लगेच कळतो, आणि कच्चे चणे पोटालाही बाधतात. उलट आच मंद ठेवलीत तर तेलकट. काढल्यावर टिश्यूवर थप्पी लावू नका, वाफेने खालचे मऊ पडतात, जाळीवर किंवा चाळणीत मोकळे ठेवा.

आता तळण नको असणारे, हात वर करा. आप्पेपात्र आहे ना घरात? प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल, त्यात गोळा, झाकण न ठेवता मध्यम-मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं, फार छान होतात, माझ्या मते एअर फ्रायरपेक्षा बरे. एअर फ्रायरला १९० अंशावर पंधरा मिनिटं, वरून तेलाचा हात फिरवून, मधे एकदा उलटून. होतात, पण कोरडे होतात, सोबत चटणी दुप्पट लागते.

चटणी म्हणजे ताहिनी सॉस. त्या बाटल्या महाग मिळतात आणि आत असतं काय तर तीळ. आपल्याकडे संक्रांतीनंतर डब्यात तीळ उरलेले असतातच, फक्त चाखून बघा, खवट झाले असतील तर टाकून द्या, खवट तिळाला कुठलंही लिंबू वाचवत नाही. वाटीभर पांढरे तीळ मंद आचेवर नुसते कोमट-खमंग होईपर्यंत भाजायचे, तिळगुळाला भाजतो तसे लालसर करायचे नाहीत, कडू होतं. पूर्ण गार करून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा, कडा खरवडत खरवडत, मग दोन-तीन चमचे बिनवासाचं तेल घालून अजून फिरवा, ओतता येईल असं झालं की ती ताहिनी. आता अर्धी वाटी ताहिनीत दोन लसूण पाकळ्या ठेचून, एका लिंबाचा रस, मीठ. लिंबू पडलं की ते एकदम घट्ट होऊन गुठळ्या-गुठळ्या होतं आणि वाटतं फाटलं, गेलं. गेलेलं नसतं. गार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहा, अचानक पांढरं शुभ्र आणि दह्यासारखं गुळगुळीत होतं, पहिल्यांदा बघाल तेव्हा जादूच वाटेल. घरात कोणाला तिळाची चव नको असेल तर चक्क्यात लसूण-लिंबू-मीठ, तेही चालतं.

सोबत काकडी, टोमॅटो, कांदा बारीक चिरून लिंबू-मीठ-ऑलिव्ह ऑईल. म्हणजे कोशिंबीरच, पण दाण्याचं कूट घालायचा मोह आवरा, मला माहितीये अवघड आहे. तिकडे सलगमचं गुलाबी लोणचं देतात, आपण नवलकोल किंवा मुळ्याच्या काड्या करायच्या, बीटच्या दोन फोडी, एक वाटी पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, एक मोठा चमचा मीठ, बरणीत भरून फ्रीजमधे चार दिवस. मुळ्याची बरणी उघडताना मात्र पाहुणे आसपास नसलेले बरे.

पिटा ब्रेड मोठ्या दुकानातून आणा किंवा मैदा-कणकेचं यीस्ट घालून भिजवून तापलेल्या तव्यावर फुगवा, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि घाईच असेल तर पाव. हो, साधा लादीपाव, आत ताहिनी, दोन फलाफल चेपून, वरून ते लोणचं, आमच्या सोसायटीतली पोरं याला अरबी वडापाव म्हणतात आणि पिट्यापेक्षा हेच मागतात.

हिवाळ्यात मंडईत ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या आल्या की एकदा सोलाण्याचे करून बघा. भिजवायचं कामच नाही, फक्त सोलायला कोणाला तरी टीव्हीसमोर बसवा. ओले असल्याने सुटायला बघतात, तेव्हा इथे मात्र दोन चमचे बेसन किंवा तांदळाची पिठी आधीच घालायची. रंग आतून असा हिरवागार येतो की ता'मियाची आठवण यावी.

जास्तीचे करून ठेवायचे असतील तर बेकिंग पावडर घालून वळलेले कच्चे गोळे ताटात सुटे सुटे ठेवून फ्रीझरमधे कडक करा आणि मग डब्यात भरा, महिनाभर राहतात. तळताना बाहेर काढून मऊ करत बसू नका, तसेच गोठलेले सोडा, आच जरा कमी आणि वेळ दोन मिनिटं जास्त, आणि तेलापासून थोडं लांब उभे राहा, बर्फ लागलेला असतो, तडतडतं.

आणि तळलेले उरले तर? दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात, मायक्रोवेव्हमधे अजून मऊ, तव्यावर कोरडे परतले तर बऱ्यापैकी. मी एकदा सात-आठ उरलेले झाकून ऑफिसला गेलो, संध्याकाळी आलो तर दिसेनात. आईने चिंच-गुळाची पातळ आमटी करून, वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी देऊन, त्यात सोडले होते, गोळ्यांची आमटी करतात तशी. भातावर घेतली. ताहिनीची बरणी त्या दिवशी कोणी उघडलीच नाही.